वैयावृत्त्याचा एक पाठ : डॉ. द्वारकानाथ कोटणीस

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा लिखित पाठ)



सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी संस्थेचे संस्थापक, दाते आणि कार्यकर्ते यांचे कृतज्ञ स्मरण होते, आणि ते उचितच आहे. आजच्या व्याख्यानाचा विषय मात्र असा एक तरुण आहे, ज्याचा या न्यासाशी काही संबंध नव्हता. तो जन्माने जैन नव्हता. त्याने कोणत्याही संस्थेला देणगी दिली नाही, कारण देण्याजोगे धन त्याच्यापाशी नव्हतेच. सोलापुरात जन्मलेला हा डॉक्टर वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी उत्तर चीनमधील एका डोंगराळ खेड्यात, परक्या देशाच्या सैनिकाच्या गणवेशात, आजाराने निवर्तला. डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस हे त्यांचे नाव.

एका जैन संस्थेच्या व्यासपीठावर त्यांचे स्मरण का करावे, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. आपल्या शास्त्रांत ‘वैयावृत्त्य’ असा एक शब्द आहे. सहा अंतरंग तपांत त्याची गणना होते. प्रायश्चित्त, विनय, वैयावृत्त्य, स्वाध्याय, व्युत्सर्ग आणि ध्यान ही नावे आपल्या पाठशाळेतील मुलेही म्हणून दाखवतात. पण वैयावृत्त्य म्हणजे नेमके काय करायचे, त्याला किती किंमत मोजावी लागते, हे नावे पाठ करून समजत नाही. ते एखाद्याच्या आयुष्यात पाहावे लागते.

सोलापूरचे घर, मुंबईचे महाविद्यालय

द्वारकानाथांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात एका मध्यमवर्गीय कुटुंबात झाला. घरात भावंडे बरीच होती आणि मिळकत बेताची होती. त्या काळचे सोलापूर म्हणजे कापडगिरण्यांचे आणि हातमागांचे गाव. जैन समाजाच्या प्रबोधनाच्या दृष्टीनेही या गावाचे स्थान मोठे होते. सेठ हिराचंद नेमचंद यांनी ‘जैन बोधक’ हे नियतकालिक एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत इथूनच सुरू केले. देशात जहाजबांधणीपासून विमाननिर्मितीपर्यंत उद्योग उभारणारे वालचंद हिराचंद याच मातीतले.

या शहराने स्वातंत्र्यलढ्यातही जबर किंमत मोजली. १९३० मध्ये सोलापुरात लष्करी कायदा पुकारला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चार सोलापूरकरांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. द्वारकानाथ तेव्हा वीस वर्षांचे होते. आपल्या गावचे चार जण देशासाठी फासावर गेले, ही बातमी ज्या पिढीने विशीत ऐकली, त्या पिढीतले ते एक होते.

वैद्यकीय शिक्षणासाठी ते मुंबईच्या सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले. परळच्या के. ई. एम. रुग्णालयाशी जोडलेले हे महाविद्यालय १९२६ मध्ये सुरू झाले. एका व्यापारी घराण्याच्या देणगीतून ते उभे राहिले होते आणि तेथील अध्यापकवर्ग भारतीयच असावा, असा आग्रह त्या देणगीमागे होता. संस्थांचा कारभार पाहणाऱ्यांनी याची विशेष नोंद घ्यावी. देणगी देणाऱ्याने इमारत उभी केली. त्या इमारतीतून पुढे कोण बाहेर पडेल, हे त्याला ठाऊक असणे शक्य नव्हते. दानाचे फळ असे दात्याच्या दृष्टीपलीकडे पिकते.

पदवी मिळाल्यावर द्वारकानाथ पुढील शिक्षणाच्या विचारात होते. शहरात दवाखाना थाटावा, कुटुंबाला हातभार लावावा, भावंडांची लग्नकार्ये पार पाडावीत, हा मध्यमवर्गीय घरातील कर्त्या मुलाचा सरळ मार्ग त्यांच्यापुढे मोकळा होता.

एक आवाहन आणि पाच डॉक्टर

जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर पूर्ण शक्तीनिशी आक्रमण केले. चीनच्या आठव्या पायदळ सेनेचे, म्हणजे ‘एट्थ रूट आर्मी’चे सेनापती झू दे यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदतीची विनंती केली. १९३८ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष असलेल्या सुभाषचंद्र बोस यांनी देशवासीयांना आवाहन केले. लोकवर्गणीतून बावीस हजार रुपये जमले, रुग्णवाहिकेची सोय झाली आणि पाच डॉक्टरांचे पथक सिद्ध झाले. अलाहाबादचे डॉ. मदनमोहनलाल अटल हे पथकाचे प्रमुख. स्पेनच्या यादवी युद्धात त्यांनी जखमींची सेवा केली होती. नागपूरचे डॉ. चोळकर हे वयाने ज्येष्ठ. कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू आणि डॉ. देबेश मुखर्जी हे दोघे. आणि पाचवे, सोलापूरचे अठ्ठावीस वर्षेही पूर्ण न झालेले डॉ. कोटणीस.

मदत पाठवणारा भारत त्या वेळी स्वतः पारतंत्र्यात होता. आपल्याच खेड्यांत डॉक्टर नव्हते. तरीही दुसऱ्याच्या घराला आग लागली असता आपल्या विहिरीत पाणी किती आहे, हे मोजत बसायचे नसते, एवढा विवेक त्या पिढीने दाखवला. १ सप्टेंबर १९३८ रोजी ‘राजपुताना’ या जहाजाने पथक मुंबईहून निघाले. बंदरावर निरोप द्यायला आलेल्यांपैकी कोणालाच ठाऊक नव्हते की या पाचांपैकी एक जण परत येणार नाही.

महिनाअखेरीस पथक हँकाउला पोहोचले. थोड्याच दिवसांत ते शहरही जपान्यांच्या हाती गेले. माघार घेणाऱ्या लोकांसोबत, बॉम्बवर्षावातून वाट काढत, चुंगकिंगमार्गे पथक फेब्रुवारी १९३९ मध्ये येनान येथे दाखल झाले. चीनमध्ये या पाचही जणांच्या नावापुढे ‘ह्वा’ हे अक्षर जोडले गेले होते. ‘ह्वा’ म्हणजे चीन. द्वारकानाथ कोटणीस तिथे ‘के दीह्वा’ झाले.

पथक ठरावीक मुदतीसाठी गेले होते. प्रकृती आणि अन्य कारणांनी चोळकर व मुखर्जी १९३९ मध्ये परतले, अटल १९४० मध्ये परतले. बसू आणि कोटणीस मागे राहिले. याच काळात सोलापूरहून वडील गेल्याची बातमी आली. घरी परतण्यास यापेक्षा सबळ कारण कोणते असणार? सहकाऱ्यांनीही तसे सुचवले. कोटणीस परतले नाहीत. त्या निर्णयाचा भार घरी राहिलेल्या आईने आणि भावंडांनी वाहिला, हेही विसरता कामा नये. सेवेसाठी बाहेर पडणाऱ्याचे नाव इतिहासात राहते. मागे राहिलेल्यांच्या त्यागाची नोंद क्वचितच होते.

खेचरावरचे रुग्णालय

येनान ही पिछाडी होती. कोटणीस आणि बसू यांनी आघाडीवर जाण्याची मागणी केली. उत्तर चीनमध्ये जपानी फौजांच्या वेढ्यात एक डोंगराळ सीमाप्रदेश होता. तिथे नॉर्मन बेथ्यून हे कॅनडाचे विख्यात शल्यविशारद काम करत होते. शस्त्रक्रियेचे साहित्य खेचरांच्या पाठीवर लादून ते गावोगाव, अगदी लढाईच्या तोंडावर जात. हातमोजे मिळत नसल्याने उघड्या हातांनी शस्त्रक्रिया कराव्या लागत. अशाच एका शस्त्रक्रियेत बोटाला जखम झाली, विष रक्तात भिनले आणि १२ नोव्हेंबर १९३९ रोजी बेथ्यून यांचा अंत झाला. त्यांच्या हाताखाली काम करण्याची कोटणीसांची इच्छा होती. वाट्याला आली ती त्यांची रिकामी जागा. जानेवारी १९४१ मध्ये बेथ्यून यांच्याच नावाच्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे पहिले संचालक म्हणून डॉ. कोटणीस यांची नेमणूक झाली.

‘रुग्णालय’ हा शब्द ऐकून आपल्या डोळ्यांपुढे जे चित्र येते, तसे तिथे काही नव्हते. शेतकऱ्यांच्या मातीच्या घरांत खाटा मांडलेल्या असत. शत्रूची मोहीम निघाली की रुग्णांना डोलीत घालून डोंगरात हलवायचे, धोका टळला की परत आणायचे. नाकेबंदीमुळे औषधे येत नसत. एकदा वापरलेल्या पट्ट्या धुऊन, उकळून पुन्हा बांधल्या जात. कडाक्याच्या थंडीत, तेलाच्या दिव्याच्या उजेडात शल्यकर्म चाले. १९४० च्या मोठ्या मोहिमेत कोटणीसांच्या पथकाने आठशेहून अधिक जखमींवर उपचार केले आणि त्या काळात ते एकदा सलग बहात्तर तास झोपेविना शस्त्रक्रिया करत राहिले, असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे.

केवळ शल्यकर्म करून त्यांचे समाधान झाले नाही. रुग्णाची व्यथा दुभाष्यामार्फत कळत नाही, म्हणून त्यांनी चिनी भाषा आत्मसात केली. बोलण्यापुरतीच नव्हे, तर त्या भाषेत वर्ग घेता येतील आणि पुस्तक लिहिता येईल इतकी. रुग्णालयाला जोडलेल्या वैद्यकीय विद्यालयात खेड्यांतून आलेल्या तरुणांना त्यांनी शल्यशास्त्र शिकवले. त्यांच्यासाठी चिनी भाषेत एक पाठ्यपुस्तक पूर्ण केले आणि दुसरे लिहायला घेतले. सावळ्या वर्णाच्या या परदेशी डॉक्टरला तिथले लोक प्रेमाने ‘काळी आई’ म्हणत, असे सांगितले जाते. ज्याला अजून मूलही नव्हते, त्या पुरुषाला एका अनोळखी मुलखातील शेतकऱ्यांनी आई म्हणावे, यापरते प्रशस्तिपत्र कोणते?

लपवता न येणारे दुखणे

१९४१ च्या अखेरीस त्यांनी त्याच विद्यालयात परिचर्या शिकवणाऱ्या ग्वो छिंगलान यांच्याशी विवाह केला. २३ ऑगस्ट १९४२ रोजी त्यांना मुलगा झाला. त्याचे नाव ‘यिनह्वा’ ठेवले. ‘यिन’ म्हणजे भारत आणि ‘ह्वा’ म्हणजे चीन.

या संसाराला सुरुवात होत असतानाच कोटणीसांचे शरीर साथ सोडू लागले होते. त्यांना अपस्माराचे, म्हणजे ज्याला आपण फेफरे किंवा फिट येणे म्हणतो त्याचे, झटके येऊ लागले. अर्धपोटी राहणे, जागरणे आणि अखंड श्रम यांनी तो विकार बळावत गेला. स्वतः डॉक्टर असल्यामुळे या आजाराचा अर्थ त्यांना पूर्णपणे कळत होता. झटका येऊन गेला की थोडी विश्रांती घ्यायची आणि पुन्हा कामाला लागायचे, असा क्रम चालला. आघाडी सोडून उपचारासाठी जावे, असे वरिष्ठांनी सुचवले. त्यांनी ते मानले नाही.

८ डिसेंबर १९४२ च्या रात्री झटके एकामागून एक येऊ लागले. सहकारी डॉक्टर आणि विद्यार्थी भोवती होते, शर्थ करत होते. ९ डिसेंबरच्या पहाटे डॉ. कोटणीस यांची प्राणज्योत मालवली. ज्याने शेकडो जखमींना मृत्यूच्या दारातून परत आणले, त्याच्या स्वतःच्या आजारावर देण्यासाठी त्या वेढलेल्या मुलखात पुरेसे औषध नव्हते. मुलगा साडेतीन महिन्यांचा होता. शल्यशास्त्राचे दुसरे पुस्तक अर्धे राहिले.

काळाचा एक योग इथे मन अस्वस्थ करतो. अपस्मारावर फेनोबार्बिटल हे औषध १९१२ पासून वापरात होते आणि फेनिटॉइन या नव्या औषधाची उपयुक्तता १९३८ मध्ये, म्हणजे कोटणीस मुंबईहून निघाले त्याच वर्षी, सिद्ध झाली होती. जगात औषध होते. ते त्या खेड्यापर्यंत पोहोचत नव्हते. युद्धात माणसे गोळीने मरतात, तशीच न पोहोचलेल्या औषधाने मरतात. दुसऱ्या प्रकारच्या मृत्यूंची मोजदाद सहसा होत नाही.

माओ त्से-तुंग यांनी शोक व्यक्त करताना सैन्याचा एक आधार आणि राष्ट्राचा एक मित्र हरपल्याचे म्हटले. पुढे शिजियाझुआंग येथील हुतात्म्यांच्या स्मारकभूमीत, बेथ्यून यांच्याप्रमाणेच, त्यांचेही चिरस्मारक झाले. भारतात ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांचे चरित्र लिहिले आणि त्यावरून १९४६ मध्ये व्ही. शांताराम यांनी ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ हा चित्रपट काढला. कोल्हापूरचे शांताराम हे जैन पित्याचे पुत्र होते, याची आठवण या सभेत होणे स्वाभाविक आहे. यिनह्वा पित्याच्याच मार्गाने वैद्यकाचा अभ्यास करू लागला. पण १९६७ मध्ये शिक्षण पुरे होण्याआधीच तोही गेला. ग्वो छिंगलान यांनी भारताशी नाते अखेरपर्यंत जपले. त्या सोलापूरला सासर म्हणून आल्या. २०१२ मध्ये, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी सोलापुरात कोटणीसांच्या घराच्या जागी त्यांचे स्मारक खुले झाले होते.

गणवेश आणि अहिंसा

आता त्या प्रश्नाकडे वळू, जो अहिंसाधर्मीयांच्या सभेत टाळणे योग्य होणार नाही. कोटणीस सैन्यात होते. ज्यांना त्यांनी बरे केले, ते सैनिक पुन्हा लढायला गेले. मग ही सेवा हिंसेला हातभार लावणारी नव्हे काय?

आपल्या आचार्यांनी गृहस्थाच्या हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार प्रकार सांगितले आहेत. मारण्याच्या हेतूने केलेली संकल्पी हिंसा श्रावकाने सर्वथा त्यागावी. आक्रमणापासून स्वतःचे आणि आश्रितांचे रक्षण करताना घडणारी विरोधी हिंसा ही हिंसाच आहे, तिला धर्म म्हटलेले नाही. पण गृहस्थाच्या पायरीवर ती पूर्णतः टाळता येत नाही, हे वास्तव शास्त्राने ओळखले आहे. श्रवणबेळगोळ येथे गोम्मटेश्वराची भव्य मूर्ती उभारणारे चामुंडराय हे गंग राज्याचे सेनापती होते. ते रणांगणावर उतरत आणि श्रावकही होते.

कोटणीस तर शस्त्रधारी नव्हते. त्यांच्या हातात पाते होते ते शल्यकर्माचे. चिनी भूमीवर आक्रमण झालेले होते आणि ज्यांच्या घरांवर बॉम्ब पडले, त्यांच्यात ते जाऊन राहिले. असे असूनही त्यांना ओढूनताणून जैन ठरवण्याचे कारण नाही. त्यांचा राजकीय विचार वेगळा होता, अखेरच्या वर्षी ते तेथील कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले होते. त्यांचा आहार-विहार आपल्याहून भिन्न होता. त्यांच्या मृत्यूला समाधिमरण म्हणणेही शास्त्राला धरून होणार नाही. सल्लेखना हे जाणीवपूर्वक, विधिपूर्वक स्वीकारलेले व्रत आहे. कोटणीस हे काम करता करता आजाराने गेले. भिन्न विचाराच्या माणसातील गुण त्याला आपल्या रंगात न रंगवता पाहता यावा, हीच अनेकान्ताची कसोटी आहे.

उद्दायन राजाची कथा

आचार्य समंतभद्रांनी ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त चौथ्या शिक्षाव्रताला ‘वैयावृत्त्य’ हेच नाव दिले आहे आणि दानाचा विचार त्याच्याच पोटात केला आहे. आहारदान, औषधदान आणि इतर दाने ही वैयावृत्त्याची अंगे आहेत. हा क्रम महत्त्वाचा आहे. सेवा हे मूळ आहे आणि दान ही तिची शाखा. आपल्या व्यवहारात मात्र शाखा एवढी वाढली की मूळ झाकून गेले. औषधदान म्हटले की आपल्याला पावतीपुस्तक आठवते.

त्याच ग्रंथात सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांतील निर्विचिकित्सा या अंगासाठी उद्दायन राजाचे नाव येते. परंपरेने सांगितलेली ती कथा सर्वांना परिचित आहे. एक देव राजाची परीक्षा पाहण्यासाठी व्याधिग्रस्त मुनीचे रूप घेऊन आला. शरीराला दुर्गंधी येत होती. राजाने भक्तीने आहार दिला आणि त्या मुनीने तो तिथेच ओकून टाकला. सेवक दुर्गंधीने दूर पळाले. राजा आणि राणी मात्र जवळ राहिले, त्यांनी स्वतःच्या हातांनी ते शरीर स्वच्छ केले आणि आपल्याच आहारात काही दोष राहिला असेल म्हणून खेद केला.

या कथेत राजाजवळ धन नव्हते असे नाही. वैद्य बोलावून, सेवक नेमून तो मोकळा होऊ शकला असता. आचार्यांनी त्याचे नाव घेतले, ते तो जवळ थांबला म्हणून. मातीच्या घरात, उकळून पुन्हा वापरलेल्या पट्ट्या सोडवून सडलेल्या जखमा धुणाऱ्या कोटणीसांच्या जीवनाचा अर्थ या कथेच्या प्रकाशात उलगडतो. त्यांनीही धन दिले नाही. ते रुग्णाजवळ थांबले. मुनींची सेवा आणि सर्वसामान्य पीडितांची सेवा यांत शास्त्राने पात्रभेद केला आहे, हे खरे. पण किळस न मानता दुखणाऱ्या शरीराजवळ जाण्याची वृत्ती दोन्हीकडे एकच लागते, आणि करुणादानाला तर पात्रतेची अट नाही.

स्वतःच्या देहाचे काय?

तरीही एक प्रश्न उरतो. आजार माहीत असताना त्यांनी आघाडी सोडायला हवी होती काय? एका बाजूने पाहता, त्या मुलखात त्यांच्यासारखा दुसरा शल्यविशारद सहज मिळणार नव्हता. ते निघून गेले असते तर कित्येक जखमी उपचारांविना राहिले असते. दुसऱ्या बाजूने पाहता, ते उपचार घेऊन जगले असते, तर पुढे तीस-चाळीस वर्षे त्या हातांनी हजारो शस्त्रक्रिया केल्या असत्या, आणि एका बालकाला वडील मिळाले असते. देह हे धर्माचे साधन आहे; त्याची आसक्ती नको, तशी हेळसांडही नको, असेच आपली परंपरा सांगते. म्हणून कोटणीसांनी केलेली आपल्या प्रकृतीची उपेक्षा अनुकरणीय मानण्याचे कारण नाही. अनुकरण करायचे ते त्यांच्या निकटतेचे. आज जे सेवेत आहेत, घरातल्या आजाऱ्यांना रात्रंदिवस सांभाळतात, विशेषतः ज्या भगिनी हा भार मूकपणे वाहतात, त्यांनी आपली औषधे वेळेवर घ्यावीत, आणि इतरांनी त्यांचा भार वाटून घ्यावा. सेवा करणाऱ्याची सेवा हेही वैयावृत्त्यच होय.

या आजाराविषयी आणखी एक गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे. अपस्मार आपल्या समाजात आजही लपवला जातो. मुलीला फिट येते हे सोयरिकीत कळू नये म्हणून उपचार टाळले जातात. मुलाला येत असेल तर नवस आणि गंडेदोरे केले जातात. हा दोष एकेकाळी कायद्यातही होता. जैनांनाही लागू असलेल्या हिंदू विवाह कायद्यात अपस्माराचे वारंवार येणारे झटके ही विवाहातील अपात्रता मानली जात होती. १९९९ च्या दुरुस्तीने तो उल्लेख काढून टाकण्यात आला. कायद्याने जे सोडून दिले, ते आपण मनात धरून बसलो आहोत. योग्य आणि नियमित औषधोपचार मिळाल्यास सुमारे सत्तर टक्के रुग्णांचे झटके थांबू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. १९४२ मध्ये त्या डोंगरात औषध पोहोचत नव्हते. आज ते तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत आले आहे. पण लाजेपोटी ते न घेतलेल्याला आणि न मिळालेल्याला परिणाम सारखाच भोगावा लागतो. कोणाला झटका आला तर कांदा किंवा चप्पल हुंगवू नये, तोंडात काही घालू नये. त्याला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ काही ठेवावे, आणि झटका पाच मिनिटांत थांबला नाही तर तत्काळ रुग्णालयात न्यावे. एवढे ज्ञान पाठशाळेत शिकवले, तर तेही औषधदान आणि ज्ञानदान एकदमच होईल.

पुढच्या पन्नास वर्षांसाठी

पन्नास वर्षांत या न्यासाने जे उभे केले, ते दात्यांच्या उदारतेवर उभे आहे. परळच्या त्या महाविद्यालयाच्या दात्याला जसे कोटणीस दिसले नाहीत, तसेच आपल्या दात्यांनाही आपल्या दानाचे अखेरचे फळ दिसलेले नसेल. पण इमारतीतून माणूस बाहेर पडल्याशिवाय इमारतीचे सार्थक होत नाही. यापुढे प्रत्येक घरातून वर्षाला थोडे धन येईल, तसेच थोडे दिवसही यावेत. रुग्णालयात ज्याच्याजवळ कोणी नातेवाईक नाही, त्याच्या उशाशी बसणारे चार तरुण, वृद्ध साधर्मीला तपासणीसाठी घेऊन जाणारी एखादी भगिनी, विहारातील साधू-साध्वींच्या प्रकृतीची वेळेवर चौकशी करणारा एखादा डॉक्टर, ही नावे न्यासाच्या वहीत देणगीदारांच्या शेजारी लिहिली जावीत. त्या नावांपुढे रकमेचा रकाना कोरा राहिला तरी चालेल.

सोलापूरचा एक तरुण हजारो कोस दूर गेला, तिथली भाषा शिकला, परक्यांच्या जखमा धुतल्या आणि औषध मिळणार नाही अशा ठिकाणी स्वतःचे दुखणे सोसत राहिला. आपल्याला तितके दूर जायचे नाही. ज्याच्यापाशी जाऊन बसायचे आहे, तो बहुधा आपल्याच गल्लीत आहे, कदाचित आपल्याच घरात आतल्या खोलीत आहे. आज घरी गेल्यावर त्याची विचारपूस झाली, तरी या महोत्सवाचे एक पुष्प योग्य ठिकाणी वाहिले गेले, असे म्हणता येईल.

जय जिनेंद्र.